आधी होडी, मग पूल

त्या रविवारी बाबांनी पूल बांधायला साफ नकार दिला.

"पूल झाला की माझ्या होडीत कोण बसणार? तुमचं गाव भरभराटीला येईल आणि मी काठावर माश्या मारत बसेन!" असं म्हणून त्यांनी टेबलावरचे फासे उचलून मुठीत दाबले. आता ते कोणालाच टाकता येईनात.

चष्म्याच्या दुकानाची ती मागची खोली. रविवारी दुपारी पुढचं शटर अर्धं खाली यायचं आणि मागे, एरवी जिथे लोकांचे डोळे तपासले जात, तिथे लांब टेबलाभोवती एक अख्खं जग शून्यापासून उभं राहायचं. दुकानाचा मालक, ज्याला सगळे चष्मेवालाच म्हणत, ते जग सांगायचा. आकाशात दोन चंद्र, खाली ओसाड माळ, मधून वाहणारी रुंद नदी, आणि रिकाम्या हातांनी तिथे येऊन पोचलेली माणसं. विस्तव नाही, भांडं नाही, कायदा नाही. बाकीचे त्यातलं एकेक माणूस व्हायचे आणि आपण आता काय करतो ते सांगायचे. जमलं की फसलं, ते फासे ठरवत. बसमधली कंडक्टरबाई गावाची मुखिया झाली होती. तिचा नवरा घरी चार शब्द बोलत नसे, पण इथे तो शिकारी होता आणि अस्वलांना दम देत होता. बाबा निवृत्त दंतवैद्य. त्यांनी होडी मागून घेतली होती.

आणि ती, बाबांची लेक? ती खेळायची नाही. ती नियम लिहायची.

नियम लिहिणं हा तिचा धंदाच होता. मिक्सर, पंप, शिवणयंत्रं यांच्याबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका ती लिहीत असे. या खोलीत ती पहिल्यांदा आली तीसुद्धा खेळासाठी नव्हे, बाबांच्या चष्म्याची तुटलेली काडी घेऊन. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवाला अक्षरांच्या एका जुन्या तक्त्याच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने नदी काढत होता, इतका रंगून की तिची चाहूलही त्याला लागली नाही.

"नदी डोंगर चढतेय," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं. रोज माणसांच्या डोळ्यांत डोकावणाऱ्याची नजर ती, थेट, न बिचकणारी. "जादूची नदी आहे."

"मग तसं लिहा. नाहीतर वाचणारा म्हणेल, चूक आहे."

"तुम्ही काय, नद्या तपासता?"

"माहितीपुस्तिका लिहिते. 'ओल्या हाताने बटण दाबू नये' वगैरे."

"ते तुम्ही लिहिता होय! मी कधीच वाचत नाही."

"म्हणून तर शॉक बसतात."

तो हसला. काडी बसवायला असा कितीसा वेळ लागतो? पण ती दुकानाबाहेर पडली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते आणि तिच्या पर्समध्ये त्या जादूच्या नदीची एक प्रत होती… दुरुस्त करून आणायला.

त्यानंतर भांडणं सुरू झाली. चारचौघांचं प्रेम फुलांवरून सुरू होतं, यांचं संडासावरून झालं.

"नियमांच्या पहिल्या पानावर राक्षस हवा," चष्मेवाला म्हणाला.

"पहिल्या पानावर संडास हवा. एवढी माणसं नदीकाठी उतरलीत. आठवड्यात रोगराई होईल, मग तुमचा राक्षस खाणार कोणाला?"

"अहो, हा अद्भुत खेळ आहे!"

"मग अद्भुत संडास बांधा."

त्याने बांधला. मग ती म्हणाली, विस्तवाआधी दोर हवा. तो म्हणाला, दोराआधी गाणं हवं, सगळ्यांनी एकदम ओढायला. यावर तिने गाणं आधी लिहून घेतलं, कारण त्याचं बरोबर होतं. त्या सगळ्या नियमांत पहिला आणि मोठा नियम मात्र तिचा होता: *जे मोठ्याने बोललं नाही, ते या जगात नाही.* मनात कितीही बंगले बांधा, टेबलापाशी तोंड उघडेपर्यंत त्याची एक वीटही खरी नाही.

गंमत अशी की हा नियम लिहिणारी स्वतः मुखदुर्बळ. एकदा बारीक अक्षर वाचताना ती डोळे किलकिले करते हे त्याच्या लक्षात आलं. त्याने तिला खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जड चौकट ठेवली आणि भिंगं बदलत विचारत गेला, "आता बरं दिसतं, की मघाशी?" त्याचा चेहरा वीतभर अंतरावर होता. पुढचं भिंग तर लख्ख होतं. त्याच्या पापणीवरचा धुळीचा कणसुद्धा तिला दिसला.

"मघाशी," ती म्हणाली. त्याने पुन्हा भिंग बदलावं म्हणून.

खोटं बोलायला तोंड उघडलं, खरं बोलायला काही उघडेना.

तर त्या रविवारी बाबा फासे सोडत नव्हते.

"अहो काका," कंडक्टरबाई वैतागली, "धान्य या काठाला, दळायचं जातं त्या काठाला. किती दिवस होडीतून ने-आण करायची?"

"पुलावरून माणसं एकमेकांकडे न बघता जातात. होडीत गुडघ्याला गुडघा लागतो, बोलावंच लागतं."

"आणि नाही बोललं तर?" चष्मेवाल्याने विचारलं.

बाबांनी छताकडे बघितलं, तक्त्याकडे बघितलं, आणि मग कोणाकडे बघायचं नाही असं ठरवल्यासारखं नेमकं लेकीकडे बघितलं. "नदीत एक अजगर आहे. होडीत दोन माणसं गप्प बसली की तो होडी उलटवतो."

"असा अजगर नियमांत नाही, बाबा."

"मोठ्याने बोललो की नाही? झाला तर मग! घे लिहून."

सगळे हसले. तिने मान खाली घालून अजगर लिहून घेतला. कान मात्र तापले होते. बाबा उठताना म्हणाले, "बरं, बांधा पूल. कुठे बांधायचा ते पुढच्या रविवारी सांगतो."

घराचा जिना चढताना मधल्या वळणावर ते दम खायला थांबले. "आयुष्यभर लोकांना 'आ करा' म्हणालो," ते म्हणाले, "पण घरच्या पोरीचं तोंड काही मला उघडता आलं नाही. बोल की गं त्याच्याशी."

"काय बोलू?"

"आता तेही मीच सांगू? माहितीपुस्तिका तू लिहितेस!"

ती हसली आणि त्यांच्या हातातली पिशवी घेऊन पुढे गेली. एवढंच.

सोमवारी सकाळी बाबा उठले नाहीत. हृदय झोपेतच थांबलं, डॉक्टर म्हणाले.

पुढचे दिवस तिने नेटाने निभावले. आलेल्यांना चहा दिला, बाबांची कपाटं लावली, बँकेत खेपा घातल्या. रडून तिने कोणाला अवघडवलं नाही. फक्त एक वाक्य तिच्या तोंडून निघेना. बाबांचे जुने पेशंट फोन करत, तेव्हा ती म्हणे, "ते आता फोनवर येत नाहीत." पलीकडचा माणूस चाचरत म्हणे, "म्हणजे…?" आणि ती फोन आत्याच्या हातात देई. आत्या राहायला आली होती. सांगायचं ते काम तिचं.

चष्मेवालाही येत असे. धीर देणारं ठरावीक काही बोलत नसे. एकदा दाराची करकरणारी बिजागरी त्याने ठीक केली, एकदा नुसता बसून राहिला.

"चष्मेवाले असे घरोघरी फिरतात होय?" तो गेल्यावर आत्याने विचारलं.

"बाबांचा खेळगडी होता, आत्या."

"हं. बाबांचा," आत्या म्हणाली आणि पुढे मटार सोलू लागली.

मग एका संध्याकाळी तो आला तेव्हा बसलाच नाही. दारातच उभा राहिला.

"गाव अडकलंय," तो म्हणाला. "तुमचाच नियम आहे, जो खेळायला आला नाही त्याचं माणूस झोपलंय असं समजायचं. होडीवाला होडीत झोपलाय. त्याला उठवायला कोणी धजत नाही, त्याची होडी कोणी घेत नाही, आणि पूल तर त्यांनी जागा सांगितल्याशिवाय कोणी बांधणारच नाही. कंडक्टरबाई दर रविवारी येते, रडते आणि जाते."

"मग होडीवाल्याला पुरात वाहून जाऊ दे. जग तुम्ही सांगता ना?"

"सांगतो. पण हे मी सांगणार नाही." तो शांत होता. "मी तुमच्यावर रागावलो नाही. फक्त या रविवारनंतर नदी गुंडाळून ठेवतो. अर्धवट जगाकडे बघत बसणं मला जमत नाही… कुठल्याच."

तो जिना उतरला. मधल्या वळणावर त्याची पावलं क्षणभर थांबली, मग खाली गेली. शेवटच्या शब्दाचा रोख तिला कळला होता. न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती.

रविवारी तिने केस विंचरले, चष्मा पुसला आणि अर्ध्या शटरखालून वाकून आत गेली. टेबलाच्या कडेला तिची नेहमीची, नियम लिहायची खुर्ची होती. ती ओलांडून ती बाबांच्या खुर्चीत बसली.

चष्मेवाल्याने तक्त्यावरची नदी सरळ केली.

"गावात आत्ता कुठली वेळ आहे?" तिने विचारलं.

"सकाळ. एक चंद्र मावळलाय, एक आहे."

"होडीपाशी त्याची मुलगी जाते."

"काकांना… होडीवाल्याला मुलगी आहे?" कंडक्टरबाईने विचारलं.

"आहे. आजवर मोठ्याने बोलली नव्हती, म्हणून दिसली नाही." तिचा आवाज स्थिर होता. हात मात्र टेबलाची कड घट्ट धरून होते. "ती त्याला हाक मारते. तो उठत नाही. ती पुन्हा हाक मारत नाही, कारण तिला कळलंय. ती गावाकडे वळते आणि सगळ्यांना सांगते…"

तिने टेबलाची कड सोडली.

"बाबा गेले," ती म्हणाली.

बोलली आणि ते झालं. चष्मा काढून ती रडली, कोणाला अवघड वाटेल याचा विचार न करता. शिकारी, ज्याला घरी चार शब्द सुचत नसत, तो म्हणाला, "मी सगळ्यात उंच जागा शोधतो. तिथून दोन्ही काठ दिसतात." मुखिया म्हणाली, "सगळं गाव येतं. जातं बंद, शिकार बंद." त्यांनी होडीवाल्याला त्या टेकडीवर नेलं. फासे कोणी टाकले नाहीत. काही गोष्टी फसू शकत नाहीत.

मग तिने डोळे पुसून चष्मा लावला. "मुलगी वल्ही उचलते. धान्य भरा. पलीकडे कोण उभं आहे?"

"कोण असावं?" चष्मेवाल्याने विचारलं. आज त्याचाच आवाज जरा चिरका होता.

"चष्मेवाला."

"या जगात अजून काचेचा शोध लागलेला नाही."

"मग नुसताच माणूस. उभा राहून राहून पाय दुखले असतील बिचाऱ्याचे."

कंडक्टरबाईने नवऱ्याला कोपर मारलं. नवऱ्याने सवयीप्रमाणे छताकडे बघितलं.

"तो होडीत बसतो," चष्मेवाला म्हणाला. "होडी मधोमध येते. गुडघ्याला गुडघा लागलाय. दोघंही गप्प आहेत… आणि पाणी हलायला लागलंय." तो पुढे झुकला. चेहरा तोच, वीतभर अंतरावर. "अजगर वर येतोय. काय करणार?"

"त्या दिवशी 'मघाशी' म्हणाले ना, ते खोटं होतं," ती म्हणाली. "लख्ख दिसत होतं."

"हे गावातलं बोलणं आहे, की…"

"दोन्हीकडचं. आणि अजगरालाही ऐकू जाऊ दे." तिने मान वर केली आणि बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, सरळ त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "मला तू आवडतोस. पूल बांधू. पण आधी या होडीतून तू माझ्याबरोबर चल."