आणखी एक थर

बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली होती, तरी ठेंगूला पाय उचलता येत नव्हता. हे कोडं वैदर्भीला सकाळपासून सुटत नव्हतं आणि ती पडद्यासमोरून हलायलाही तयार नव्हती.

ठेंगू हा चंद्रावरच्या सोमवस्तीतला चार पायांचा रोबो. दगडांचे नमुने आणायला गेला आणि विवराच्या सावलीत त्याचा मागचा पाय कपारीत अडकला. एक जोरदार हिसका दिला असता तर सुटला असता. विवर पायी जाण्याच्या पल्ल्याबाहेर, आणि वस्तीतली एकुलती गाडी दूरच्या तळावर गेलेली, ती परवा येणार. तोवर त्या भयंकर थंडीत ठेंगूचा मेंदू तग धरणार नव्हता. ज्याच्या पाठीवर बसून वैदर्भी लहानाची मोठी झाली, तो तिच्या डोळ्यांदेखत जाणार होता.

"पोट भरलंय गं वैदू," ठेंगूचा आवाज आला. "पण जोर लावला की अंधारीच येते."

"आजोबा, वीज आहे ना त्याच्यात? मग?"

बॅटऱ्यांच्या संशोधनात केस पिकलेल्या आजोबांनी चष्मा पुसला. "वीज साठवणं वेगळं आणि झटक्यात देणं वेगळं, बाळा. बॅटरीत लिथियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) कार्बनच्या इलेक्ट्रोडमध्ये (विजेची ये-जा होते त्या थरात) मुक्कामाला असतात. तिथून निघून ते द्रावातून पलीकडे गेले, की वीज मिळते. हिसक्यासाठी पुष्कळ आयन एकदम निघायला हवेत."

"मग निघत का नाहीत?"

"आपला कार्बन म्हणजे ग्राफाइट (पेन्सिलीच्या शिशातला, पापुद्र्यांचा कार्बन). आयन निघतात ते पापुद्र्यांच्या कडेनेच. थर जाड असला आणि दाबून बसवला, की पापुद्रे आडवे निजतात, फटी बुजतात. आतल्यांना वळसे घालत यावं लागतं. त्यात थंडीने द्राव घट्ट झालेला."

ठेंगूचा हा इलेक्ट्रोड वैदर्भीनेच बनवला होता. तांब्याच्या पत्र्यावर काळा लेप पसरताना तिने जेवायला बसलेल्या पाहुण्याला करावा तसा आग्रह केला होता. घे रे ठेंगू, आणखी एक थर, माझी शपथ. मग जास्त मावावं म्हणून रूळ फिरवून तो चांगला दाबलाही होता.

"मीच केलं हे," ती म्हणाली.

"मीही अडवलं नाही. वाटलं, लांबवर जाईल बिचारा," आजोबा म्हणाले.

"वैदू, अजून एकदा जोर लावू?"

"नको रे, राहू दे. तू नुसता बोलत राहा."

ठेंगू सापडलेल्या दगडांबद्दल बोलत राहिला. जेवणाच्या वेळी, बोलता बोलताच, तो थांबला. पडद्यावर बॅटरीचा आकडा अजूनही अर्ध्याच्या वरच होता. वैदर्भी इतकी रडली की आजोबांना तिला जेव म्हणायचाही धीर झाला नाही.

पण त्याच विवरात जायचे आणखी दोन रोबो वस्तीत अर्धवट जोडलेले होते, त्यांच्या बॅटऱ्या अजून बनवायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी आजोबांनी पृथ्वीवरून आलेला एक डबा उघडला. "नारळाच्या करवंट्या हवा न लागू देता तापवल्या, की हा कठीण कार्बन मिळतो. याचे पापुद्रे वेडेवाकडे आणि सैल असतात, त्यामुळे आयनांना पुष्कळ वाटा. साठा थोडा कमी, पण लेप पातळ ठेवला तर हिसका देईल."

"ठेंगू मात्र परत येणार नाही."

"नाही," आजोबा म्हणाले.

तिने पातळ लेप पसरला, रूळ हलक्या हाताने फिरवला. सवयीने तिचा हात आणखी एक चमचा घ्यायला डब्यात गेला. तो तिने तसाच रिकामा बाहेर काढला आणि डब्याचं झाकण लावलं.