ढब्बूच्या टाकीखालचा रंग

सोमवारी सकाळी आमचा ढब्बू मेला. पाणी परवाच बदललेलं होतं, तापमान नेहमीचं होतं, पंप बुडबुडे सोडत होता. खाणंही मी वेळेवर घातलं होतं. मग अकरा वर्षांचा धडधाकट गोल्डफिश दोन दिवसांत उलटा होऊन तरंगायला लागला, असं झालं तरी काय? तुम्हीही शोधून बघा. घरात दोघांना उत्तर ठाऊक होतं आणि माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं सांगते.

मी शर्वाणी. आई-बाबा चंद्रावरच्या तळावर दोन वर्षांच्या नोकरीला गेलेत, म्हणून मी कराडला आबा आणि वृंदाआत्याकडे राहते. आबा म्हणजे बाबांचे वडील. चाळीस वर्षं त्यांनी रंगांच्या प्रयोगशाळेत काढली. शिवाय चिंतोपंत आहे, आमचा यंत्रमानव. त्याच्या नाकात संवेदक (हवेतला बदल टिपणारे बारीक भाग) आहेत, त्यामुळे भाजी करपायच्या आधीच तो कोकलायला लागतो. ढब्बूला बाबांनी माझ्या जन्माच्या वर्षी आणलं होतं. निघताना ते मला एवढंच म्हणाले, "याची जबाबदारी आता तुझी."

त्याआधीच्या मंगळवारी आत्याने जाहीर केलं की रविवारी तिला बघायला पाहुणे येणार आहेत. मग तिची नजर टाकीखालच्या लाकडी स्टँडवर गेली. पॉलिशला फोड आले होते, सांडलेल्या पाण्याचे पांढरे ओघळ दिसत होते.

"पाहुण्यांसमोर ही अवदसा नको," ती म्हणाली. "आबा, रंग काढा याला."

ढब्बूला मोठ्या टबात हलवून आबा आणि मी स्टँड पॉलिशपेपरने घासला. हात भरून आले. मी थेट रंगाच्या डब्याकडे वळले, तर आबांनी अडवलं.

"नुसता रंग फासलास तर पोपडे निघतील. आधी प्रायमर (रंगाखालचं अस्तर). तो लाकडाच्या बारीक छिद्रांत शिरून घट्ट बसतो. वरून जरा खरखरीत राहतो, म्हणून रंगाला धरायला जागा मिळते. सागाचा तपकिरी डागही तो वर येऊ देत नाही."

"आणि रंग कुठला? पाण्यात कालवतात तो की ऑइलपेंट?"

"टाकीचं पाणी सांडणारच, तिथे ऑइलपेंट चांगला टिकतो. पण त्याला..."

"पण-बिण काही नको आबा, मला चकाकी हवी आणि रविवारच्या आत हवी," आत्या म्हणाली. आबा गप्प झाले. आत्याचं लग्न ठरत नाही हे त्यांना इतकं लागलेलं आहे की तिच्यापुढे त्यांचं सगळं शास्त्र मान खाली घालून उभं राहतं.

बुधवारी प्रायमर झाला. गुरुवारी आणि शुक्रवारी रंगाचे दोन हात दिले, स्टँडमधल्या कपाटाच्या आतूनसुद्धा. शनिवारी मी बोट लावून पाहिलं, कोरडं ठणठणीत. टाकी वर चढली, ढब्बू टाकीत गेला. हवेचा पंप नेहमीसारखा खालच्या कपाटात ठेवला आणि वायरी दिसू नयेत म्हणून दारं लावून घेतली.

तेवढ्यात चिंतोपंत म्हणाला, "कपाटात वाफ वाढते आहे. आणि..."

आत्याने त्याचा आवाज बंद केला. मागच्या पाहुण्यांना पोहे देताना 'हे तळाला लागलेले आहेत' असं त्याने सांगून टाकलं होतं, तेव्हापासून पाहुणे येणार म्हटलं की त्याची रवानगी कोठीच्या खोलीत होते. आणि त्याला ढकलत तिथे कोणी नेलं? मीच. हसत हसत.

रविवारी पाहुणे आले. पोहे खाल्ले, चहा प्यायले, स्वतःच्या नव्या फ्लॅटचं कौतुक सांगून गेले. स्टँडकडे एकानेही ढुंकून पाहिलं नाही.

सोमवारी ढब्बूला बघून मी आधी धावत जाऊन चिंतोपंतचा आवाज सुरू केला. शनिवारी अडलेलं वाक्य त्याने तिथूनच पुढे नेलं. "आणि पंप तीच हवा पाण्यात सोडतो आहे."

मी आबांसमोर जाऊन उभी राहिले. "पण रंग तर वाळला होता!"

"वाळला होता. पक्का झाला नव्हता," आबा म्हणाले. "रंगात द्रावक (रंग पातळ ठेवणारा पदार्थ) असतो. तो उडून गेला की रंग हाताला लागत नाही, त्याला आपण वाळणं म्हणतो. पण आधी वरची साय धरते. आतला द्रावक तिच्यातून कितीतरी दिवस हळूहळू निघत राहतो. दुसरं काम त्याहून सावकाश चालतं. रंगातले रेणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांना जोडले जातात, त्यांची जाळी होते. तेव्हा रंग पक्का. आपण कपाट बंद केलं, त्यामुळे वाफ आत कोंडली आणि पंपाने ती टाकीत ढकलली."

"मग आपल्याला वास कसा नाही आला?"

"आला होता. पण नाकाला एखाद्या वासाची सवय झाली की ते सांगायचं बंद करतं. फार वास झाला तर आपण खिडकीत जाऊन उभे राहतो. ढब्बू कल्ल्यांनी पाण्यातूनच श्वास घेतो बाळा, तो कुठे जाणार?"

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो. एकवीस दिवस थांबा, ही डब्यावरची ओळ मीच लिहून दिली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"वृंदाचा रविवार मोडावासा वाटला नाही."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. बाबांना निरोप पाठवताना तीनदा रडू फुटलं. चंद्रावरून उत्तर आलं, 'असू दे ग.' ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बुधवारी पाहुण्यांचा होकार आला. साखरपुडा बारा दिवसांनी, आमच्याच घरी. आत्या खुशीत म्हणाली, "शर्वाणी, तोवर एक नवा मासा आणून टाक. रिकामी टाकी बरी दिसत नाही."

आबा मटार सोलत होते. हातातली शेंग खाली ठेवून ते म्हणाले, "नाही."

"अहो आबा, चारचौघांत..."

"नाही म्हटलं ना. दारं काढून स्टँड गच्चीवर जाईल आणि एकवीस दिवस तिथेच राहील. त्यानंतरही चिंतोपंत हो म्हणेल तेव्हाच टाकीत पाणी. आणि त्याचं बटण यापुढे कोणी दाबायचं नाही."

आत्या फणकाऱ्याने आत निघून गेली. मला मात्र आनंद झाला नाही. हाच शब्द शनिवारी निघाला असता तर मासा वाचला असता, एवढंच डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर कपाटाची दारं काढत होतो. आबांनी विचारलं, "सगळं समजलं ना आता?"

"समजलं," मी म्हटलं. "पण तुम्हाला तर आधीच समजलेलं होतं."

आबांनी काढलेला स्क्रू खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणून तुला सांगतो. तुला समजलं की तू मोठ्याने बोल. पाहुणे असोत, आत्या असो, मी असो."

"बोलेनच," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दाराचा स्क्रू फिरवायला घेतला.