बिनजोडीची गुंतवळ

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या चुलत्याच्या घशातून निघालेला केस मी स्वतः हातात धरला आहे.

१९९७ चा मे महिना. भर दुपार. नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत कानिफनाथकाकांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं.

तिथे सारख्या फरश्या जुळवायचा एक गेम होता. दोन जुळल्या की टिंग वाजायचं आणि त्या नाहीशा. पोरांना तो पाठ झाला, म्हणून काकांनी त्याचा दुसरा भाग आणला. वापरलेलं मशीन, एका भंगारवाल्याकडचं.

पहिल्या भागात फळं होती.

दुसऱ्यात दात, नखं, कान… आणि एका फरशीवर काळा गोळा.

"आण्णा, ही गुंतवळ हाय," काकांची मुलगी मोनिका म्हणाली. "हिची जोडीच न्हाई."

विंचरल्यावर फणीत अडकलेले केस बायका बोटाला गुंडाळतात, त्यावर थुंकतात, मग टाकतात. ती गुंतवळ.

बाकीच्या फरश्या संपायच्या. ती तेवढी उरायची. गेम पुढे सरकेना.

"काका, फसवलं राव तुमाला! अर्धाच गेम दिला," पोरं खिदळली.

काकांनी मेन स्विच बंद केला. मशीनची मागची फळी काढली.

वास आला… खवट खोबरेल तेलाचा.

तारांमध्ये लांब केसांचा गोळा अडकला होता. टोकं मेंदीने लाल. मुळांशी पांढरे, चिकट कण. आणि तापलेल्या मशीनमध्ये असूनही तो ओला होता.

काकांच्या बोटांना तो चिकटला. "शी!" म्हणत ते त्यावर थुंकले आणि मागच्या गटारात फेकून आले.

मशीन चालू केलं.

पडद्यावर… दोन गुंतवळी होत्या.

"आण्णा, जोडी आली!" काका नको म्हणायच्या आत मोनिकाने बटण दाबलं.

दोन्ही नाहीशा झाल्या. पण टिंग वाजलं नाही.

आवाज आला… कुणीतरी घोट गिळल्यासारखा.

गिळलं होतं काकांनीच. तोंडात काही नसताना.

संध्याकाळी भाकरीचा पहिला घास घेतला आणि जिभेला केस लागला. काकांनी चिमटीत धरून ओढला. तो येतच राहिला. जिभेवरून नाही… घशातून.

टोक लाल होतं.

राहीकाकूंनी सगळं विचारून घेतलं. मग कपाळावर हात मारला.

"थुकलात त्याच्यावर?"

"घाण हुती. थुकू नको तर काय पूजा करू?"

"अवो, बाईमानूस सोताच्या केसावर थुकतं! थुकलं की ते आपलं, मग दुसऱ्या कुनाला त्येच्यावर करनी करता येत न्हाई. तुमी भलतीचे केस आपले म्हनून घेतले!"

"चल, येडी कुठली," काका हसले.

दुसऱ्या घासाला पुन्हा केस आला.

मशीन विकलं. डॉक्टरांनी टॉर्च लावून घसा तपासला. घसा स्वच्छ. पण घास घेतला की केस. काका ताकावर आले. महिन्याभरात शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला.

मी बी.एस्सी. झालेय. करणी वगैरे मानत नाही. एक केस मागून घेतला आणि कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

मूळ ताजं होतं. जिवंत डोक्यातून आत्ताच उपटल्यासारखं. घशात केस उगवत नाहीत, एवढं जीवशास्त्र मला येतं. मग हा कुणाच्या डोक्यातला?

काचपट्टीवरून केस उचलताना पंख्याच्या वाऱ्याने तो उडाला… आणि माझ्या ओठाला चिकटला. ओला. खवट.

अशा वेळी माणूस विचार करत नाही. मीही केला नाही.

थू केलं.

आईने ताट वाढलंय. वरणभात आहे, माझ्या आवडीचा. ती तिसऱ्यांदा हाक मारतेय.

मी अजून घास उचललेला नाही.