गेट तेवढं बंद करा की

वेदांत, हीटर जरा माझ्या पायांकडे वळव. मैत्रेयी, तो फोन उलटा ठेव गं, उजेड डोळ्यांत येतो. हं. भुताची गोष्ट हवी ना तुम्हाला? सांगतो. पण ही कुठं वाचलेली नाही. देवव्रतची आहे. शुभम, तू आता ज्या मागच्या खोलीत राहतोस ना, तिथंच तो दोन वर्षं भाड्यानं होता. पुण्याचा, सिव्हिल इंजिनियर. तुमच्या सुरेखाकाकूच्या हातचं जेवायचा, मला बाळकाका म्हणायचा. पुढं वेलिंग्टनला नोकरी लागली, अस्मिताशी लग्न झालं. मुलगा चांगला हो. आजही मी म्हणेन, चांगला.

तारीख पक्की आहे. तेवीस जून दोन हजार बावीस, गुरुवार. दुसऱ्या दिवशी मातारिकीची, माओरी नववर्षाची सुट्टी, देशाला पहिल्यांदाच मिळालेली. त्याच सुट्टीच्या दिवशी सुरेखाची एकादशी होती, म्हणून लक्षात आहे. म्हणजे ती रात्र वद्य दशमीची. मध्यरात्र उलटेपर्यंत चंद्र नाही.

दक्षिण बेटावर, कँटरबरीच्या मैदानात एक जुनं पंपघर आहे. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. शंभर वर्षांपूर्वीचं. वीज नाही, डिझेल नाही. नदीचं पाणी पाटानं आत येतं आणि जमिनीखालचं मोठं चाक फिरवतं. चाकाला लाकडी दात्यांचं यंत्र, त्याला पंप. तो पंप त्याच नदीतलं थोडं पाणी चाळीस फूट वर कालव्यात चढवतो. नदीच नदीला उचलते म्हणा ना. वरून कालवा शेतांना पाणी देत जातो.

"स्टिल वर्किंग, काका?"

हो वेदांत, उन्हाळ्यात चालतं की. हिवाळ्यात पाटाचं लोखंडी गेट खाली टाकतात. पाट कोरडा, चाक बंद, कालवा रिकामा. मे ते सप्टेंबर तिथं उंदीरही फिरकत नाही.

तर त्या लोकांना ते पंपघर पर्यटकांना दाखवायचं होतं. जमिनीची मापं, कठड्यांची उंची, असलं तासाभराचं काम. देवव्रत आधीच क्राइस्टचर्चला आला होता. ऑफिसनं सांगितलं, येता येता तेवढं उरकून ये. नाही म्हणता आलं असतं त्याला. पण का नाही, हे सांगावं लागलं असतं.

कारण तो तिथं आधी एकदा जाऊन आला होता. चार वर्षांपूर्वी. माणूस मेला होता तेव्हा.

समीर त्याचं नाव. मिरजेचा. शिकायला आलेला, मग तिथल्या पाणी-कंपनीत कामाला लागला. चाकाच्या आधी पाटात एक उभी जाळी असते. जानेवारीत नदीला पाणवनस्पती फार, ती येऊन जाळीत अडकते. लोखंडी दंताळं घेऊन ती ओढून काढायची. नियम साधा होता. आधी गेट बंद करायचं, पाणी थांबवायचं, मगच जाळीपाशी उतरायचं. समीर चालू पाण्यात उतरला. पाण्यानं त्याला जाळीवर दाबून धरलं. तासाभरानं सापडला.

देवव्रत तिसऱ्या दिवशी तिथं पोचला. चौकशीच्या अहवालातला यंत्रांचा भाग त्यानं लिहायचा होता. त्यानं गेटचं चाक फिरवून पाहिलं. हललं नाही. तिथल्या एकाला घेऊन दोघांनी जोर लावला तरी नाही. वरचा स्क्रू गंजून एकजीव झालेला, आणि गंज काही तीन दिवसांचा नव्हता, महिन्यांचा होता. त्यानं चार फोटो काढले.

म्हणजे कळलं ना? त्या पोरानं गेट बंद केलं नाही असं नाही. ते बंद होतच नव्हतं. आणि वर शेतकऱ्यांचे फोन, पाणी कमी येतंय, पाणी कमी येतंय.

ऑफिसातल्या साहेबानं फोटो पाहिले. म्हणाला, हे सिद्ध करणं अवघड आहे, वकिलांचं काम वाढेल, अहवाल सुटसुटीत ठेव. बस, एवढंच. आवाजही चढवला नाही. देवव्रतची रेसिडन्सीची फाइल तेव्हा सरकारदरबारी, नोकरीच्या पत्रावर टांगलेली. अस्मिताला सातवा महिना.

त्यानं लिहिलं, 'कामगाराने गेट बंद न करता उतरण्याचा निर्णय घेतला.' फोटो लावले नाहीत.

पुढं समीरच्या बहिणीची, जुईची, मेल आली. अहवालाखाली मराठी नाव दिसलं म्हणून तिला आशा वाटली असणार. लिहिलं होतं, दादा घरातून निघताना गॅसचं बटण दोनदा बघायचा. तो असं करेल? आई रोज विचारते. तुम्ही खरं सांगा.

देवव्रतनं उत्तर दिलं, अहवालात आहे ते बरोबर आहे. आणि खाली एक 'सॉरी फॉर युअर लॉस'.

"काका, दॅट्स हॉरिबल," मैत्रेयी म्हणतेय. हो गं. पण तू त्याच्या जागी... असू दे. ऐक.

साडेचारला तो किल्ली आणायला ग्रॅहमकडे गेला. ग्रॅहम तिथला राखणदार, शेजारच्याच शेतात राहतो. 'किया ओरा मेट,' म्हणाला, चहा विचारला. म्हणाला, गेटचा स्क्रू आता नवा बसवलाय, एका हातानं फिरतो. गेट मेपासून खालीच आहे. किल्ली पत्रपेटीत टाकून जा, मी मुलीकडे निघालोय.

पाच वाजता सूर्य गेला. तिथं जूनमध्ये अंधार असा हळूहळू येत नाही, पडतोच. देवव्रतनं आत जाऊन बॅटरी ठेवली, टेप काढली, मापं घ्यायला लागला. थंडी एवढी की टेपचं लोखंड बोटांना चिकटत होतं. आत जुन्या ग्रीसचा वास. फळ्यांच्या फटींतून खाली पाहिलं तर चाक. कोरडं. त्यावर कोळ्यांची जाळी.

पावणेसहा झाले होते. त्यानं घड्याळ पाहिलं होतं, कारण अस्मिताला सहाला फोन करायचा होता.

बाहेर आवाज आला.

खर्रर्र.

लोखंड लोखंडावर ओढल्यासारखा. थांबला. मग पुन्हा. खर्रर्र.

त्याला वाटलं, ग्रॅहमनं कुणी माणूस ठेवला असेल. पण कोरड्या पाटात जाळी कोण साफ करेल? तो बॅटरी घेऊन बाहेर आला. पाटावर लाकडी फळी आहे, तिच्यावर उभं राहून खाली पाहिलं.

जाळीपाशी कुणीतरी होतं. पिवळा रेनकोट. पाठमोरा. हातात दंताळं. ओढत होता, सावकाश, रोजचं काम असल्यासारखा.

'हॅलो?' देवव्रत म्हणाला. 'यू ऑलराइट देअर?'

दंताळं थांबलं.

'गेट तेवढं बंद करा की, साहेब.'

मराठीत. वळला नाही. आवाज मोठा नाही, रागाचा नाही. आपण कुणाला म्हणतो ना, दार तेवढं लोटा... तसा. आणि तो 'की'. मिरजेकडचा.

देवव्रतला कळलं. त्या क्षणाला कळलं, असं तो मला म्हणाला. पण पाय गेटकडेच गेले. गेट बंदच होतं. दिसत होतं, खाली टेकलेलं. तरी त्यानं गेटचं चाक धरलं. नवं, निळ्या रंगाचं, ग्रीस लावलेलं. एका हातानं फिरणारं.

फिरेना.

दोन्ही हात लावले. पाय भिंतीला रोवला. फिरेना.

आणि खालून पाणी ऐकू आलं.

आधी थोडं... मग पाटभर. त्यानं बॅटरी मारली. पाणी नव्हतं. पाट कोरडा. पण आवाज होता. पाण्याचा, पंपघराच्या पोटातला. खालचं मोठं चाक फिरायला लागलं होतं. फळ्या थरथरत होत्या. लाकडी दाते एकमेकांवर... टक. टक. टक.

रेनकोट गुडघ्यांपासून वर हलायला लागला. पाण्यात हलतो तसा.

'होत न्हाई ना?'

...

'जाम हाय ना, साहेब?'

देवव्रत बोलला नाही. काका, मला बोलता आलं असतं, तो म्हणाला. घसा बसला नव्हता. तोंड उघडलं होतं. तेवढ्यातही मनात आलं, कुणी ऐकेल.

तिथं. त्या रानात. कुणी ऐकेल!

रेनकोट छातीपर्यंत हलत होता. मग खांद्यांपर्यंत. माणूस जाळीला टेकला. चिकटला. एक हात वर आला, मागं... देवव्रतच्या दिशेनं. काही मागायला नाही. नुसता. तळवा उघडा.

'जाम आहे!' देवव्रत ओरडला. 'जाम होतं! मी पाहिलं होतं!'

टक. टक.

'मग लिवलं का न्हाई?'

...

...

'भीती वाटली,' देवव्रत म्हणाला.

सगळं थांबलं.

पाणी थांबलं. चाक थांबलं. बॅटरीच्या उजेडात कोरडी जाळी, खाली दगडगोटे. कुणी नाही. त्याच्या हाताखाली ते निळं चाक आपसूक पाव वळसा फिरलं. सहज. आणि कानाशी, अगदी जवळ, दमलेल्या माणसासारखं कुणी म्हणालं,

'आईला सांगा.'

कुलूप कसं लावलं त्याला आठवत नाही. गाडीत बसला, दारं आतून बंद केली. जुनी मेल शोधली, खाली जुईचा नंबर होता. सात वाजले होते, मिरजेत दुपारचे साडेबारा. लावला. तिनं उचलला.

त्यानं नाव सांगितलं. सगळं सांगितलं. स्क्रू, फोटो, साहेब, रेसिडन्सी. रडत रडत सांगितलं. त्याला वाटलं फोन कटला.

मग ती म्हणाली, 'आई मार्चमध्ये गेली.'



'शेवटपर्यंत म्हणायची, माझ्याच पोरानं घाई केली. माझ्याच पोराला अक्कल नव्हती. बाबा त्याचा फोटो लावू देत नाहीत. लोक विचारतात तेव्हा खाली बघतात. चार वर्षं.'

'जुई, मी लेखी देतो. मी सगळीकडे...'

'द्या. तुम्हाला आता हलकं वाटत असेल.'

'नाही...'

'वाटत असेल हो. ठेवते मी. बाबांना वाढायचंय.'

ठेवला.

पुढचं आताच सांगून टाकतो, त्यात काही भूत नाही. त्यानं चौकशीवाल्यांना लेखी दिलं. चारही फोटो लावून. उत्तर आलं, मुदत संपली आहे, फाइल बंद आहे, कळवल्याबद्दल आभार. ऑफिसनं गोड बोलून त्याला मोकळं केलं. साहेब तोवर रिटायर होऊन बोट चालवत होता. पंपघर त्या वसंतात उघडलं, फीत कापली. भिंतीवर शंभर वर्षांतल्या इंजिनियरांची नावं आहेत, पितळी अक्षरांत. समीरचं नाही. देवव्रतनं मागणी केली होती, त्यांनी लिहिलं, पर्यटकांना उदास वाटेल. देवव्रत आता कुरिअरची व्हॅन चालवतो. जुईला दर जानेवारीत मेल करतो. ती उत्तर देत नाही. द्यावं असं मलाही वाटत नाही.

"मग खरंच भूत होतं की त्याचं गिल्ट, काका?" शुभम, मला ठाऊक होतं हे कुणीतरी विचारणार. मीही तेच म्हणालो होतो. सुरेखालाही तेच सांगितलं, पोराच्या मनानं खाल्लं त्याला.

अस्मिताचा फोन आला, आणि शनिवारी सकाळी मी विमानानं खाली दक्षिण बेटावर गेलो. तिला लहान मुलीला टाकून जाता येईना, आणि देवव्रत मोटेलच्या खोलीतून बाहेर येईना. किल्ली अजून त्याच्याच खिशात होती. मी म्हटलं, तू बस, मी देऊन येतो. ग्रॅहम घरी परतला होता. किल्ली घेतली, पण दार लोटेना. माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, तुमच्या मुलानं पंप चालवला का?

मी म्हटलं, कसा चालवेल?

तो म्हणाला, या.

वर चढून गेलो. चाळीस फूट. कालवा मेपासून रिकामा होता, तुम्हाला सांगितलंय. गेट मी येता येता पाहिलं, खाली टेकलेलं. पाट कोरडा. चाकावरची कोळ्यांची जाळी तशीच, एकही धागा तुटलेला नव्हता.

वर कालवा काठोकाठ भरला होता.

उणे पाच होतं त्या सकाळी. शेतातला पाइप फुटला होता, मेंढ्यांच्या टाकीत दगडासारखं बर्फ. कालवाही गोठला होता, जाड, पांढरा, दूर वळणापर्यंत. फक्त एका ठिकाणी नाही. मधोमध. माणूस आडवा झोपेल एवढी जागा. तिथं पाणी उघडं होतं... काळं... आणि त्यातून वाफ निघत होती.

मी वाकून हात घातला.

कोमट होतं.