चेरबेटावरची हजेरी

धवल, तो मोबाइल पालथा ठेव. गच्चीवर बसायचं तर अंधारात बसायचं, नाहीतर खाली जाऊन टीव्ही बघा. कोमल, तू मघाशी विचारलंस ना, तिसऱ्या मजल्यावरच्या नीराचं लग्न का मोडलं? सांगतो. मला तिनेच सांगितलंय, आणि ती पोरगी पदरचं घालून बोलणारी नाही.

गेल्या माघातली अमावास्या. मंगळवार. नीराला लग्नाची अक्षत द्यायला जायचं होतं, तिच्या वारलेल्या भावाला, विश्वंभरला. अमावास्येला अक्षत कोण देतं? पण त्याची तिथीच ती. आणि द्यायची कुठे, तर चेरबेटावर, जिथे तो गेला.

चेरबेट जंबुसरच्या पुढे, खाडीच्या मुखाशी. चेर म्हणजे खाऱ्या चिखलातली झाडं, आपल्या कोकणात तिवर म्हणतात ती. तिथली माणसं उंट पाळतात आणि ते उंट चक्क पोहत जाऊन चेर खातात. थंडीत रोहित पक्षी उतरतात, म्हणून आपली बडोद्याची हौशी मंडळी कॅमेरे घेऊन पळतात. पूल नाही. ओहोटीला खाडीच्या तळातून चालत जायचं, चालत यायचं. पाणी एकदा वळलं की पळायला सवड देत नाही.

म्हणून तिथली एक रीत आहे. वाटाड्या खाडीच्या मध्यावर थांबतो आणि एकेकाचं नाव पुकारतो. ज्याचं नाव, त्यानेच 'हाजर' म्हणायचं. सगळे बोलल्याशिवाय तो पाऊल उचलत नाही.

त्याच्या आदल्या माघात विश्वंभर तिथे गेला होता इंद्रनीलबरोबर. आपल्या बडोद्यातल्याच फतेगंजचा इंद्रनील, त्याचा युनिव्हर्सिटीपासूनचा जिवलग. वाटाड्या मुसाचाचा. अंधार पडल्यावर चाचा आणि इंद्रनील परतले, विश्वंभर नाही. भरतीने त्याला नेलं, देहसुद्धा मिळाला नाही. चाचा शपथेवर सांगत राहिला, की मी दोन्ही नावं पुकारली, दोन्ही उत्तरं आली. इंद्रनील म्हणाला, यानं पुकारलंच नाही. लोकांनी कुणाचं ऐकावं? चाचाचं काम सुटलं, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

इकडे इंद्रनील नीराच्या घरचा मुलगाच झाला. नीराच्या आईला दवाखान्यात नेणं, दिवाळीला त्यांच्याच घरी जेवणं... शेवटी नीराच म्हणाली, लग्न करीन तर याच्याशी.

तर त्या संध्याकाळी नीरा आणि इंद्रनील खाडीवर पोचले, तेव्हा अमावास्येच्या भीतीने दुसरा कुणी वाटाड्या येईना. काठावर मुसाचाचा एकटा उभा.

"ह्याच्याबरोबर? चल परत," इंद्रनील म्हणाला.

"अक्षत दिल्याशिवाय मी हलणार नाही," नीरा म्हणाली.

गेले तिघं. चेरांच्या मुळाशी तिने अक्षत ठेवली, दादा लग्नाला ये म्हणाली, पोटभर रडली. परत फिरले तेव्हा पुरता काळोख झाला होता. पुढे चाचा, मागे ही दोघं. पायाखाली चिखल. खाडीच्या मध्यावर चाचा थांबला.

"नीराबेन."

"हाजर."

"इंद्रनीलभाई."

"हाजर."

चाचा हलला नाही. त्याने तिसरं नाव घेतलं.

"विश्वंभरभाई."

इंद्रनील खेकसला, "बंद कर हे नाटक."

नाटक नव्हतं ते. वर्षभर, एकटा जरी खाडी ओलांडत असला तरी, चाचा ते नाव पुकारत होता. उत्तर कधी आलं नव्हतं.

वारा पडला. चिखलात बुडबुडे फुटायचे, तेही थांबले.

मग मागून... लांबून...

"हाजर."

आवाज विश्वंभरचा नव्हता.

इंद्रनीलचा होता.

नीराने टॉर्च फिरवला. इंद्रनील तिच्या शेजारीच उभा. ओठ घट्ट मिटलेले. आणि मागून पुन्हा तोच आवाज. तोच. जरा हसू दाबलेला.

"हाजर."

चाचा नीराकडे वळला. "बेन... ते दिवसे पण आ ज अवाज हतो." त्या दिवशीही हाच आवाज होता, म्हणाला.

नीराने टॉर्च इंद्रनीलच्या तोंडावर धरला.

"इंद्रनील... तू त्याची हजेरी दिलीस?"

"कॉलेजात आम्ही नेहमी... एकमेकांची... तो फोटो काढत मागे राहिला होता. वाटलं, गाठेल. पायाला पाणी लागायला लागलं होतं, नीरा. मला भीती वाटली."

"आणि चाचांना खोटं पाडलंस? वर्षभर माझ्या आईच्या हातचं जेवलास. आणि तोंडातून एक शब्द नाही?"

चूक त्या पोरीने पोटात घातली असती, मी ओळखतो तिला. पण ह्याने नंतर केसाने गळा कापला. भाऊ गेला तेव्हा ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, तोच खांदा खोटा निघाला. याहून वाईट काय असतं, सांगा मला.

लांब पाण्याचा आवाज सुरू झाला. चाचाने नीराचा हात धरला. तिघं काठाला लागली. इंद्रनीलने गाडीचं दार उघडून धरलं. ती बसली नाही. ती रात्र तिने चाचाच्या झोपडीत काढली, त्याच्या बायकोच्या कुशीत. इंद्रनील एकटाच बडोद्याला परतला.

दोन दिवसांनी साखरपुड्याची अंगठी परत करायला नीराची आई आणि मी फतेगंजला गेलो. तो खाली आला नाही, त्याच्या वडिलांनीच घेतली. येताना मी पार्किंगमध्ये त्याची गाडी पाहिली. आत वाकून पाहिलं.

सीटा कोरड्या ठणठणीत. खाली चिखल, तोही त्याच्या पावलांपुरताच. पण चारही काचांवर मिठाची पांढरी रेघ होती, भरतीचं पाणी भिंतीवर सोडतं तशी. बसलेल्या माणसाच्या गळ्याइतक्या उंचीवर.

मी बाहेरून बोट घासून पाहिलं. पुसली गेली नाही. रेघ आतल्या बाजूने होती.