समोरच्या बाकावरचं वजन

मंगळवारी दुपारी काटेवाल्याला एक साधं काम होतं. बायकोचा चष्मा दुरुस्तीला टाकला होता, तो टेकडीवरच्या दुकानातून आणायचा. तासाभराचं काम, एकट्यानं उरकण्यासारखं. पण त्याच्या मनात वेगळंच शिजत होतं.

"चष्मेवाला म्हणतो, बाईंनाच घेऊन या," चपला पायात सरकवत त्यानं ठोकून दिलं. "नाकावर बसवून बघावा लागतो म्हणे."

"तुमच्या नाकावर बघा बसवून."

"माझ्या? या नाकाचं माप घेतलं तर तो चष्मा तुझ्या गळ्यात येईल."

ती हसली नाही. पण थोड्या वेळानं उठली, केस सारखे केले आणि दाराशी येऊन उभी राहिली. अकरा महिन्यांत ती पहिल्यांदाच उंबऱ्यापर्यंत आली होती. काटेवाल्यानं घाईघाईनं कुलूप शोधलं. न जाणो, मन बदललं तर पंचाईत.

त्याला सगळी गल्ली काटेवालाच म्हणायची. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. वस्तू नुसती हातात घेऊन तो वजन सांगायचा, आणि काट्यावर फरक निघालाच तर काटा तपासायला घ्यायचा, स्वतःला नाही. असा माणूस. अकरा महिन्यांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक गेली. आजारानं तिला हळूहळू खाल्लं. शेवटच्या महिन्यात तो तिला रोज घरातल्या मोठ्या काट्यावर उभी करायचा, आणि काटा रोज थोडा डावीकडे सरकलेला असायचा. शेवटच्या दिवशी एक्केचाळीस किलो. लोकांच्या डोळ्यांपुढे गेलेल्या माणसाचा चेहरा येतो, काटेवाल्याच्या डोळ्यांपुढे हा आकडा यायचा.

नदीकाठच्या बाजारापासून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत तारेवरून पाळणे जात. चार माणसांचा पत्र्याचा पाळणा, समोरासमोर दोन बाकं, चारी बाजूंनी काचा. बसच्या तिकिटात अख्खं शहर पायाखालून जायचं. ज्यांच्या खिशाला मोठ्या गाड्या करून फिरणं झेपत नसे ते यात बसत, आणि खरं सांगायचं तर त्यांनाच शहर जास्त दिसे. लेक टेकडीवरच्या टेलिफोन ऑफिसात होती. सहा वर्षं रोज याच पाळण्यानं गेली-आली. घरी आली की आईच्या मागे लागायची, एकदा चल ना, तुला सगळं दाखवते. आईची कामं कधी सरत नसत. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी, असं करता करता रविवारच संपले.

खालच्या स्टेशनात गळ्यात शिट्टी अडकवलेली एक धिप्पाड बाई होती. तिला सगळे पाळणेवाली म्हणत. दोघं एकाच बाकावर शेजारी शेजारी बसली तसा पाळणा मागे कलला. पाळणेवालीनं वाळूच्या दोन गोण्या उचलून समोरच्या बाकावर टाकल्या.

"हे कशाला?" बायकोनं विचारलं.

"तोल, काकू. दोघं एकीकडे बसलात ना? तो बुडबुडा दिसतो?" दाराच्या वर काचेची एक नळी होती, तिच्यातल्या पाण्यात हवेचा बुडबुडा तरंगत होता. "तो मधे आल्याशिवाय मी पाळणा सोडत नाही. वीस-वीस किलोच्या दोन गोण्या टाकल्या की बरोबर येतो."

काटेवाला खूश झाला. जगात तोल बघणारं आणखी कुणीतरी होतं.

जाताना बायको मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. येताना मात्र नाकावर चष्मा होता. पाळणा खांबावरून जाताना चाकं खडखडायची, मग पुन्हा तारेचा तो एकसुरी घुंऽऽ आवाज. तिसऱ्या खांबाच्या पुढे तिनं मान वर केली. खाली गच्च्या होत्या, वाळत घातलेले कपडे होते, शाळेच्या पटांगणात मुंग्यांएवढी मुलं होती.

"एवढं दिसतं होय इथून," ती म्हणाली.

अकरा महिन्यांत तिनं कशाचं कौतुक केलं ते हे पहिल्यांदाच. काटेवाल्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.

मग ती दोघं दर दोन दिवसांनी जाऊ लागली. दुपारी पाळणे रिकामेच असत. बायको पाव आणि उकडलेली अंडी बरोबर घ्यायची, चष्म्याची काच पुसून ठेवायची, उशीर झाला तर त्याच्यावर करवादायची. तिचं ते करवादणं ऐकून त्याचा जीव भांड्यात पडे.

पाचव्या-सहाव्या फेरीला पाळणेवालीनं नेहमीसारख्या दोन गोण्या टाकल्या, वर बघितलं आणि एक उचलून घेतली. "आज एकच पुरेल. चाकांना नवं तेल घातलंय, त्यानं असेल." त्यानंतरच्या फेरीला तिनं तीही उचलली.

"नकोच आज, काका. बघा, बुडबुडा बरोबर मधे."

काटेवाल्यानं बघितलं. दोघं एका बाजूला, समोरचं बाक रिकामं, आणि पाळणा तराजूच्या दांडीसारखा सरळ. तेलानं चाकं गुळगुळीत होतात, तोल बदलत नाही. त्यानं खिशातलं पेन काढून पायाशी ठेवलं. घरंगळलं नाही.

त्या दिवशी ढग खाली उतरले होते. दुसऱ्या खांबापुढे पाळणा त्यांच्यात शिरला आणि काचेबाहेर सगळं पांढरं झालं. पुढचा पाळणा दिसेना, तार दिसेना. ओल्या लोखंडाचा वास आत आला. पाळण्यातल्या बाकांचं रेक्झिन जुनं होतं, शिवण उसवलेली, कुणी बसलं की आतली हवा सुस्कारा सोडल्यासारखी बाहेर पडायची. काटेवाल्याला तो सुस्कारा ऐकू आला. समोरच्या बाकातून. तारेवर, अधांतरी, कुणी चढण्या-उतरण्याची सोय नसताना.

त्यानं बायकोकडे बघितलं. ती काचेला नाक लावून बसली होती.

"हो... दिसली," ती हळूच म्हणाली. "लाल कौलांची इमारत ना? ...अगं बाई, तिथे बसून डबा खायचीस होय तू?"

बाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

"कुणाशी बोलतेस?" त्यानं विचारलं.

ती वळली. चेहरा अगदी शांत होता. "ती दाखवतेय," ती म्हणाली, "आणि मी बघतेय. तुम्ही गप्प बसा बघू जरा."

त्याला भीती वाटली, हे खरं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला हेवा वाटला. आईला ती दिसत होती, ऐकू येत होती. बापाच्या वाट्याला आलं ते फक्त वजन. तो समोरच्या बाकावरच्या रेक्झिनला पडलेल्या खोलगट खळग्याकडे बघत राहिला आणि मनातल्या मनात म्हणाला, एक्केचाळीस.

त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं कुणाला, आणि सांगून काय करायचं? बायको माणसांत आली होती. अकरा महिने ती जिच्यात बसून होती त्या अंधाऱ्या खोलीत तिला पुन्हा ढकलायला त्याचं मन धजेना.

पुढच्या आठवड्यात पाळणेवाली वर बघून चक्रावली. बुडबुडा या दोघांच्या बाजूला गेला होता. रिकामं बाक खाली आणि ही दोघं वर. तिनं गोणी उचलली आणि पहिल्यांदाच त्यांच्या बाजूला ठेवली.

"ही नळीच बिघडली बहुतेक," ती पुटपुटली. मग बायकोकडे निरखून बघत म्हणाली, "काकू, तुम्ही मात्र फार वाळलात हो."

उतरताना त्यानं बायकोला हात दिला आणि ती त्याला फारच हलकी लागली. त्या हातानं आयुष्यभर वजनं ओळखली होती. घरी येताच त्यानं तिला मोठ्या काट्यावर उभी केली. दोन महिन्यांपूर्वी अठ्ठावन्न किलोची बाई सेहेचाळीसवर आली होती.

"तुमचा काटा बिघडलाय," ती म्हणाली.

"माझा काटा?" तो भडकला. तरी त्यानं पेटीतली प्रमाण वजनं काढून काटा तपासला. काट्यात केसाएवढा फरक नव्हता.

बारा किलो. एक्केचाळीस आणि बारा त्रेपन्न. आजारी पडायच्या आधी लेक त्रेपन्न किलोची होती. तो भिंतीला टेकून खाली बसला. लेक अंगानं भरत होती, बरी होत होती. त्याला आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि त्या आनंदाची त्याला भयंकर लाज वाटली. कारण ते मांस कुठून येत होतं ते समोर उभं होतं, हसत होतं, आणि तिच्या हाडांवर आता कातडीच काय ती उरली होती.

"आता पाळणा बंद," तो म्हणाला.

"आणि तिला एकटीला जाऊ द्यायचं?" बायको म्हणाली. "मी जाणार."

पण दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठवेना. तिनं दोनदा प्रयत्न केला, घाम फुटला, आणि तशीच झोपी गेली. काटेवाल्यानं तिच्या अंगावर पांघरूण घातलं, उशाशी पाव आणि अंडी झाकून ठेवली आणि तो एकटाच निघाला.

तो नेहमीच्या बाकावर बसला. पाळणेवालीनं गोणी उचलली, नळीकडे बघितलं आणि गोणी तशीच परत खाली ठेवली. तिनं दार लावलं आणि शिट्टी वाजवली, जरा लांबूनच.

ऊन स्वच्छ होतं. तिसरा खांब मागे पडेपर्यंत तो समोरच्या खळग्याकडे बघत राहिला. सगळं पाठ करून आला होता, पण तोंड उघडल्यावर वेगळंच बाहेर पडलं.

"बाळा... मी तुला काट्यावर उभी करायचो, तेव्हा तू डोळे मिटून घ्यायचीस. आकडा बघायला नको म्हणून. मला कळायचं ते."

तार घुमत होती.

"आईला सोड आता. तिच्यात काही उरलं नाही गं. घ्यायचंच असेल तर... माझं घे. सगळं घे. मी काय, म्हातारा माणूस."

बराच वेळ काही झालं नाही. मग समोरचा खळगा हळूहळू वर आला, कुणी गुडघ्यांवर हात टेकून उठावं तसा. पाळणा त्याच्या बाजूला कलला. आणि अगदी शेजारी, त्याच्या मांडीला लागून, रेक्झिननं सुस्कारा सोडला.

त्यानं मान वळवली नाही. वळवली आणि कुणी नसलं तर? त्यानं फक्त हात बाकावर उताणा ठेवला आणि डोळे मिटून घेतले. लेक गेल्यापासून त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

वरच्या स्टेशनात तो उतरलाच नाही. तिथल्या माणसानं परतीसाठी समोर एक गोणी टाकली, दुसरी टाकली, शेवटी तिसरी आणली. "बरेच जड आहात की राव," तो हसत म्हणाला. तरी बुडबुडा मधे यायला तयार नव्हता.

काटेवाला घरी आला तेव्हा चार वाजले होते. दार उघडून बघतो तो बायको उठून टेबलाशी बसलेली, गालांवर रंग, समोर अंड्याची टरफलं. पावाचा मोठा लचका तोडून ती चावत होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो, त्याच्या मनात आलं.

"दुपारपासून नुसती भूक भूक होतेय," ती म्हणाली. "कुठे होतात?"

"पाळण्यात."

ती चावायची थांबली. "तिच्याशी बोललात?"

"हो. म्हटलं, आईला सोड. घ्यायचं तर माझं घे."

तिनं पाव ताटलीत ठेवला.

"अहो... ती घेत नव्हती," ती म्हणाली. "कधीच नव्हती घेत. नको आई, नको आई, म्हणून रडायची. मीच बळेबळे देत होते. थोडं थोडं. ती पुरे म्हणेपर्यंत."

तो समोरच्या खुर्चीवर बसला.

"तिला अजून आपलं आपण घेता येत नव्हतं," बायको म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "तुम्ही तिला घे म्हणालात? ...किती घे म्हणालात?"

सगळं घे, असं तो म्हणाला होता. घाम पुसायला त्यानं हात कपाळाकडे नेला. कितीतरी वर्षं पट्ट्याच्या एकाच भोकावर घट्ट बसलेलं घड्याळ मनगटावरून सुटलं, घसरत खाली आलं आणि कोपरापाशी जाऊन थांबलं.