चौथा टेक

संग्रहालयाचं पत्र आलं तेव्हा ती स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होती. खाली उतरून तिनं हात धुतले, चष्मा शोधला आणि पत्र उभ्याउभ्याच वाचलं. मास्तरांची जन्मशताब्दी आहे, त्यांच्या गाजलेल्या चित्रपटाची जुनी ध्वनिफीत सापडली आहे, तीत त्यांचं सेटवरचं बोलणंही आहे, आपण येऊन ऐकावी आणि लेखी परवानगी द्यावी, असा मजकूर होता. खाली सही आणि ध्वनिविभागातल्या टेबलावरच्या फोनचा नंबर.

मास्तर म्हणजे ज्यांच्यावर अकरा पुस्तकं आहेत ते. माणूस आधी शाळेत शिकवायचा, म्हणून सेटवर सगळे मास्तर म्हणायचे. पुढे जगभरातले दिग्दर्शक त्यांना गुरू मानू लागले आणि ते नाव आणखीच शोभून दिसलं. त्यांच्या त्या चित्रपटात पाच वर्षांची एक मुलगी फाटकाशी उभी राहून रडते. बेचाळीस सेकंद नुसता तिचा चेहरा दिसतो. मागे संगीत नाही की काही नाही. चित्रपट शिकायला आलेल्या पोरांना पहिल्या आठवड्यात तो चेहरा दाखवतात म्हणे.

तो चेहरा तिचा होता. त्यानंतर एकसष्ट वर्षं ती ‘ती रडणारी मुलगी’ म्हणूनच ओळखली गेली. मध्ये तिनं शिक्षण घेतलं, पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये तीस वर्षं रक्ताच्या काचा तपासल्या, संसार केला. त्याचं कुणाला काही नव्हतं.

अकराही पुस्तकांत एकच गोष्ट छापलेली आहे. मास्तर वाकले, पोरीच्या कानात म्हणाले, “तुझी आई गेली,” आणि पहिल्याच टेकला शतकातले सर्वांत खरे अश्रू कॅमेऱ्यात आले. ह्याला प्रतिभा म्हणतात. शेजारच्या कुणी असं केलं असतं तर लोकांनी त्याला धरून बदडला असता. आणि आई त्याच दुपारी खरोखरच गेली. पोरीला स्टुडिओत सोडून घरी परत जाताना भर रस्त्यात कोसळली. एका समीक्षकानं ह्याला ‘नियतीनं कलेला दिलेली दाद’ असं म्हटलं होतं. ते वाक्य तिनं वाचनालयात उभं राहून वाचलं होतं, आणि पुस्तक दुसऱ्या कपाटात, शेतीच्या पुस्तकांमागे खुपसून ती घरी आली होती.

गंमत अशी, की त्या चित्रपटानंतर ती कधीच रडली नाही. आई गेल्याचं मामानं फाटकाशी येऊन सांगितलं, तेव्हा ‘मग मला घरी कोण नेणार?’ एवढंच तिनं विचारलं, असं मामी आयुष्यभर सांगत राहिली. दादा गेला तेव्हाही डोळे कोरडे. आणि नवऱ्याच्या वेळी तर जे झालं, ते आठवलं की आजही तिचे कान तापायचे. डॉक्टर बाहेर आले, चष्मा काढून म्हणाले, “आम्हाला वाचवता आलं नाही,” आणि ती हसली. तोंडावर हात ठेवून, लहान पोरीसारखी खुदकन. शेजारी तिची मुलगी उभी होती. भुंगी. लहानपणी झोपेतसुद्धा भुणभुण करायची म्हणून घरात पडलेलं नाव. बाहेर कुणाला ठाऊकही नव्हतं. भुंगीनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नऊ वर्षं ती आईशी बोलली नाही.

चार महिन्यांपूर्वी भुंगीनंच फोन केला. का केला ते तिनं विचारलं नाही. मिळालं ते पदरात घेतलं. आता दर शनिवारी बोलणं व्हायचं. अजून जपून, एकमेकींच्या चुकांवर पाय पडू नये अशा बेतानं. पत्राचा फोटो तिनं भुंगीला पाठवला आणि मनातलं सांगितलं. परवानगी द्यायची, पण एका अटीवर. शताब्दीच्या समारंभात, सगळ्या थोरामोठ्यांसमोर, मास्तर पोरीच्या कानात काय बोलले तेवढं वाजवायचं. मग ती उठून दोन शब्द बोलणार. ह्या माणसानं माझं रडणं जन्माचं काढून घेतलं, असं सांगणार. भुंगी म्हणाली, “मी पहिल्या रांगेत बसेन, आई.”

एवढ्या एका वाक्यासाठी ती संग्रहालयात निघाली होती.

दारातच मास्तरांचा अर्धपुतळा होता. कुणीतरी नुकताच पुसल्यामुळे कपाळ चकाकत होतं. तिनं छत्री मुद्दाम त्याच्याच चौथऱ्याला टेकवून ठेवली आणि आत गेली.

ध्वनीची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला होती. भिंतींना करडा गालिचा ठोकलेला, खिडकी बंद, आणि जुन्या फितींचा व्हिनेगरसारखा आंबट वास. तंत्रज्ञ पस्तिशीचा असेल. भर सकाळी स्वेटर घालून बसला होता. यंत्रांसाठी खोली गार ठेवावी लागते म्हणाला. बोलायला मोकळा होता. तिला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि आपलं काम समजावून सांगितलं. जुन्या टेपवर नको ते आवाज फार असतात. खरखर, पावलं, मोटारींचे हॉर्न. ते एकेक शोधून पुसायचे आणि माणसांचे आवाज तेवढे मोकळे करायचे. ह्या टेपवर तो सात आठवडे बसला होता.

“तुमच्या बाजूच्या कुंडीत माइक लपवला होता,” तो म्हणाला. “आणि त्यांचा रेकॉर्डिस्ट जरा वेंधळा होता बहुतेक. टेकच्या बऱ्याच आधी मशीन चालू करायचा. म्हणून मास्तरांचं कानातलं बोलणंसुद्धा आलंय. हे आजवर कुणी ऐकलेलं नाही, मॅडम.”

तिनं पदर नीट केला आणि वाजवा म्हणून सांगितलं.

आधी पावलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग अगदी जवळून, कुंडीतल्या पानांआडून, एका पुरुषाचा मऊ आवाज. इतका मऊ असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“बाळ, आई गेली तुझी. आता यायची नाही ती.”

“मग मला घरी कोण नेणार?”

पाच वर्षांची ती विचारत होती. सर्दीनं नाक चोंदलेलं होतं. मग मास्तर म्हणाले, “पुन्हा घेऊ.”

तिनं टेप थांबवायला सांगितली. पुस्तकं म्हणतात पहिल्याच टेकला रडली, ती म्हणाली. तंत्रज्ञ हसला. पुस्तकं लिहिणारे काय सेटवर होते का, म्हणाला. टेक सुरू करताना मारतात ती क्लॅप चार वेळा वाजलीय. चार टेक आहेत, आणि ओठांच्या हालचाली जुळवून पाहिल्या तर चित्रपटात चौथा वापरलाय.

ती विचार करू लागली. मामानं सांगितलं तेव्हाही आपण तेच शब्द बोललो. त्यात काय एवढं? लहान पोर, घटकेपूर्वी जे तोंडात आलं तेच पुन्हा म्हणालं असेल. लॅबमध्ये तिनं हाताखालच्या मुलींना हेच शिकवलं होतं: काचेवर दिसतं तेवढंच लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही.

दुसरी क्लॅप वाजली.

“दादा गेला, बाळ. धरणात.”

“दादाला पोहता येतं,” पोरगी ठासून म्हणाली.

तिच्या हातातल्या बशीत चहा सांडला. दादा बुडाला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. हवालदार दारात आला, धरणाचं नाव घेतलं, आणि ती म्हणाली, त्याला पोहता येतं. म्हणाली आणि दार लावून घेतलं. हे घडायला टेपनंतर चौदा वर्षं जायची होती.

तंत्रज्ञानं फडकं पुढे केलं. दादा म्हणजे तुमचा सख्खा भाऊ का, त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. घरात भाऊ आहे हे मास्तरांना माहीत असणारच. धरणही जवळच होतं, घाबरवायला सोयीचं. तिनं ते सगळं मनातल्या मनात नीट मांडून पाहिलं. मांडणीत चूक नव्हती, तरी कोरडी झालेली बशी ती पुसतच राहिली.

“आता तिसरा ऐका,” तो म्हणाला. “मास्तरांची कमालच आहे. पाच वर्षांच्या पोरीला काय सांगावं माणसानं?”

“तुझा नवरा गेला. दवाखान्यात. डॉक्टर चष्मा काढतील आणि सांगतील तुला.”

आणि पोरगी खुदकन हसली. तोंडावर हात ठेवून हसली असणार. आवाज बोटांतून आल्यासारखा दबलेला होता.

तंत्रज्ञही हसला. ती त्याच्याकडे बघत राहिली तसा तो ओशाळून मशीनकडे वळला.

तिला आता राग येत नव्हता. राग घेऊनच ती आली होती, जन्मभर पोसलेला, पाठ केलेला, आणि तो नेमका आता सापडत नव्हता. भुंगीला हे ऐकवायला हवं, हा पहिला विचार तिच्या मनात आला. ऐक, ते हसू माझं नव्हतं. ते आधीच झालेलं होतं.

दुसरा विचार आला तेव्हा तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. आई. दादा. नवरा. चौथं माणूस तिच्या आयुष्यात एकच उरलं होतं.

“चौथ्यात कुणाचं नाव घेतलंय?” तिनं विचारलं.

“नाव म्हणजे... भुंगी की भिंगी, असं काहीतरी आहे. आम्हाला वाटलं, तुमचं मांजर असेल.” त्यानं बटण दाबलंच होतं. “ऐका ना. हाच तो.”

“थांबवा,” ती म्हणाली. पण टेप सुरू झाली होती.

“भुंगी गेली, बाळ,” मास्तर म्हणाले. “सकाळची वेळ होती. तू तिच्याशी फोनवर बोलत होतीस.”

कोण भुंगी, असं पोरीनं विचारलं नाही.

फोन म्हणजे काय, तेही विचारलं नाही. त्या घरात फोन नव्हता. तिनं तोवर तो पाहिलाही नव्हता.

नुसता श्वास ऐकू आला. एक. दोन. मग रडणं सुरू झालं. आधी अगदी बारीक, मग पोटातून. बेचाळीस सेकंद. सगळ्या जगानं पाहिलेलं.

तंत्रज्ञ आवाज कमी करून अदबीनं बसला होता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

तिच्या पर्समध्ये फोन वाजला.

पडद्यावर ‘भुंगी’ लिहिलेलं होतं. आज आई ते ऐकणार हे लेकीला ठाऊक होतं. काळजीनं केला असणार. तिनं फोन मांडीवर पालथा ठेवला. तो वाजून थांबला. पुन्हा वाजला. नऊ वर्षं ज्या फोनची वाट पाहिली तो वाजत होता, आणि ती त्याच्यावर तळहात दाबून बसली होती. न उचलल्याबद्दल पोरगी काय समजेल, हे तिला पक्कं माहीत होतं. समजू दे. आणखी नऊ वर्षं बोलू नकोस. जन्मात बोलू नकोस.

तिसऱ्यांदा वाजला तसा तिनं तो बंद करून टाकला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. तंत्रज्ञानं पाणी आणून दिलं. अकरा, मग सव्वाअकरा. दुपार व्हायला आता थोडाच वेळ होता. तिनं भिंतीवरच्या काट्यावरून नजर हलवली नाही.

टेबलावरचा फोन वाजला.

“हो, इथंच आहेत,” तंत्रज्ञ म्हणाला. “देतो हं.” आणि तिला, “तुमच्या मुलीचा आहे. पत्रावरचा नंबर सापडला म्हणे.”

तिनं मान हलवली. नको म्हणून, जोरात, पुन्हा पुन्हा.

त्याला वाटलं, बाईंना हुंदका आवरत नसेल. चांगला मुलगा होता. त्यानं स्पीकरचं बटण दाबून रिसीव्हर ठेवला आणि फोन तिच्यासमोर सरकवला.

“आई? फोन का बंद केलास? मी घाबरले ना. निघालेय तुझ्याकडे, गाडीतच आहे. पोचतेच दहा मिनिटांत.”

तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बोलायचं नाही. आपण बोललो नाही तर ते बोलणं होत नाही.

“आई, मला कळलंय गं. तुझं ते हसणं. मी उगीच नऊ वर्षं... आई, बोल ना काहीतरी.”

पोरगी रडत होती. रडत गाडी चालवत होती.

“गाडी थांबव,” ती म्हणाली. “भुंगी, फोन ठेव आणि गाडी थांबव.”

“काय? ऐकू नाही आ...”

मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. नुसतं बोलणं थांबलं.

फोन तुटला नव्हता. स्पीकरमधून एक बारीक आवाज येत होता. टिक-टिक, टिक-टिक. गाडी वळवताना लावतात त्या दिव्याचा. दिवा लावून कुणी वळत नव्हतं आणि कुणी तो बंदही करत नव्हतं. तिनं डोळ्यांना बोटं लावून पाहिली. कोरडे होते.

तंत्रज्ञ मान तिरकी करून ऐकत होता. त्याच्या कपाळाला आठी पडली. त्यानं एकदा फोनकडे पाहिलं, एकदा मशीनकडे.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “हा आवाज चौथ्या टेकच्या शेवटी होता. मी कालच पुसला.”